असईच्या शिवारातील शिसे

केळणा आणि जुई या दोन नद्या जेथे एकमेकींना मिळतात, तेथे त्यांच्या बेचक्यात असई हे लहानसे गाव वसलेले आहे. भोकरदनच्या पूर्वेस काही कोसांवर असलेल्या या गावाची जमीन काळी, भारी आणि कपाशीस मानवणारी आहे. उन्हाळ्यात तिला हातहात खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून येते. या फुगण्या-आकसण्यात वरची वस्तू भेगेतून खाली जाते आणि खाली गेलेली कधीकाळी पुन्हा वर येते. म्हणूनच नांगरटीनंतर एखादा जोराचा पाऊस होऊन माती धुऊन निघाली की त्या शिवारात पांढरट रंगाच्या जड गोळ्या आणि गंजलेल्या लोखंडाचे तुकडे हाती लागतात. असे तुकडे रुमालात बांधून लोक शिक्षकांकडे नेतात, सोनाराकडे नेतात आणि कधी धर्मगुरूकडेही आणतात. ‘‘फादर, हे काय असेल?’’ या प्रश्नामागे आमच्या विद्वत्तेवरील विश्वासापेक्षा, त्यावर काही इंग्रजी कोरलेले असल्यास ते पाद्र्याला वाचता येईल, ही अपेक्षाच अधिक असते. ती अपेक्षा बहुधा फोल ठरते. कारण त्या वस्तूंवर अक्षर असे क्वचितच असते. अक्षर नसलेली वस्तू ओळखावी कशी, हाच तर खरा प्रश्न आहे.

ओळखीचा पहिला आधार म्हणजे त्या भूमीचा इतिहास. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रानात दौलतराव शिंदे व नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांची गाठ पडली. कंपनीच्या सैन्याचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ज्याने १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला, तोच हा. त्याच्या सैन्याचा दुसरा भाग कर्नल स्टीव्हन्सन याच्याबरोबर वेगळ्या वाटेने येत होता. त्याची वाट न पाहता, हाताशी असलेल्या अदमासे सात हजार लोकांनिशी त्याने लढाई पत्करली. समोर नुसते घोडदळच हजारोंनी होते, शिवाय युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. केळण्याला उतार कोठे आहे हे वाटाड्यांना सांगता येईना. तेव्हा वेलस्लीने दुर्बिणीतून पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन तीरांवर अगदी समोरासमोर असल्याचे पाहिले आणि दोन गावे अशी जवळ असताना त्यांच्यामध्ये पायउतार नाही असे होणार नाही, असा तर्क केला. तर्क खरा ठरला. आमच्या खेड्यांतील कोणत्याही पोराने हे त्याला सांगितले असते, असे मात्र वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे जे घडले त्याचा मातीतील धातूंशी सरळ संबंध आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य कर्नल पोहलमन हा हॅनोव्हरचा. कंपनीची फौज नदी उतरून बगलेवर येत आहे हे दिसताच त्याने आपली सारी रांग काटकोनात फिरवली. तिचे एक टोक केळण्याकडे आणि दुसरे असई गावाशी टेकले. मराठ्यांच्या तोफखान्याने असा काही मारा केला की कंपनीच्या तोफा ओढणारे बैल जागच्या जागी पडले आणि वेलस्लीला आपल्या तोफा मागे टाकून पायदळानिशी पुढे जावे लागले. उजव्या बगलेची तुकडी चुकून असई गावाच्या थेट रोखाने गेली. तिच्यामागून चौऱ्याहत्तरावी स्कॉटिश पलटण गेली आणि गावाभोवतीच्या तोफांपुढे सापडली. त्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार वा जखमी झाले. दुसऱ्या बाजूस, केळण्याच्या काठाने गेलेल्या पायदळाने संगिनींच्या बळावर तोफांची रांग ओलांडली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांना चिकटून मेले. जे मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले होते, ते शत्रू पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर डागल्या. हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. संध्याकाळपर्यंत तोफा कंपनीच्या हाती पडल्या. तिच्याकडील ठार, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे सोळाशे माणसे कामी आली, म्हणजे लढणाऱ्या साडेचार माणसांत एक. मराठ्यांचे सुमारे बाराशे मृतदेह रणात पडल्याचे वेलस्लीने कळवले. जखमींची मोजदाद कोणी केली नाही. कंपनीच्या जखमींना पुढे अजिंठ्यास नेण्यात आले. नोव्हेंबरात अडगावची लढाई आणि डिसेंबरात गाविलगडचा पाडाव झाल्यावर देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले.

म्हणजे एका दुपारी, थोड्याशा रानात, दोन्ही बाजूंनी शिसे आणि लोखंड यांचा अक्षरशः पाऊस पडला होता. त्यातले मोठे ते लोकांनी वेचून नेले, वितळवले, विकले. लहान ते मातीत राहिले.

आता हाती आलेली वस्तू पाहू. पांढऱ्या किंवा करड्या सायीने माखलेली, आकाराने सुपारीएवढी आणि आकाराच्या मानाने फार जड अशी गोळी असेल आणि लोहचुंबकाला ती चिकटत नसेल, तर ती शिशाची होय. मातीत पडलेल्या शिशावर कालांतराने अशी पांढरट साय चढते. तिचा व्यास साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास आणि वजन पावणेतीन तोळ्यांच्या जवळपास भरले, तर ती कंपनीच्या शिपायांच्या गोल नळीच्या बंदुकीची गोळी असण्याचा संभव मोठा. त्या बंदुकीच्या नळीचे तोंड पाऊण इंचाचे असे आणि गोळी त्याहून थोडी लहान ओतलेली असे, म्हणजे घाईत भरताना ती अडकत नसे. सोनाराचा काटा अशा वेळी पंडितापेक्षा उपयोगी पडतो. तोड्याच्या बंदुकीच्या गोळ्या नाना मापांच्या, बहुधा यापेक्षा लहान असतात. गोळी वाटोळी राहिली असेल तर ती बहुधा उडालीच नाही. घाईत हातातून सुटली किंवा फाटलेल्या पडतळ्यातून सांडली. एका बाजूने चपटी झाली असेल, तर ती कशावर तरी आदळली आहे. कशावर, हे विचारू नये.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. अशी गोळी मिळाली की आणणारा लगेच विचारतो, ‘‘इंग्रजांची की आपली?’’ गोळीकडे पाहून हे सांगता येत नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉइन याने आग्र्यास तोफा-बंदुकांचा कारखाना उभारला होता आणि तेथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली युरोपीय धर्तीच्या बंदुका व तोफा तयार होत. त्यामुळे दोन्ही फौजांच्या हातांत सारख्याच घडणीची हत्यारे होती. गोळी कोणाची, हे ती कोठे पडली यावरून कळते. गावाच्या अंगाला, जेथे चौऱ्याहत्तरावी पलटण मारली गेली, तेथे पडलेल्या गोळ्यांच्या दाटीचा अर्थ एक आणि केळण्याच्या काठाला पडलेल्यांचा अर्थ दुसरा. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथील १८७६ च्या रणक्षेत्रावर १९८३ साली वणवा लागून गवत जळाले. त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे चालवणाऱ्या हौशी लोकांना बरोबर घेऊन एकेक गोळी व काडतूस जेथे सापडले तेथेच नोंदले आणि त्यावरून लढाईतील हालचालींचा नकाशा नव्याने काढला. लेखी वृत्तान्तात जे नव्हते ते मातीने सांगितले. असईच्या बाबतीत तर लेखी वृत्तान्त जवळजवळ एकाच बाजूचा आहे. गोलंदाजांनी पत्रे लिहिली नाहीत. त्यांची बाजू जर कोठे उरली असेल, तर ती त्या शिवारातच.

लोखंडाची ओळख निराळी. तोफेचा गोळा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. त्यावर साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्याची बारीक रेघ कित्येकदा दिसते. सहा पौंडी गोळा सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाचा आणि पावणेतीन किलोच्या आतबाहेर भरतो. बारा पौंडी गोळा अकरा सेंटिमीटरहून थोडा मोठा आणि साडेपाच किलोच्या जवळ जातो. गंजामुळे वजन घटते, म्हणून माप आणि वजन दोन्ही घ्यावे. लिंबाएवढ्या किंवा त्याहून लहान लोखंडी गोळ्या या पत्र्याच्या डब्यात भरून तोफेतून उडवलेल्या छर्र्याच्या असतात. माणसांच्या दाट रांगेवर जवळून मारा करायचा तो याच छर्र्याने. एक सूचना मात्र मनावर घ्यावी. गोळा आकाराच्या मानाने हलका लागला आणि त्याला एखादे भोक असले, तर तो पोकळ बॉम्बगोळा असू शकतो. त्यात दारू शिल्लक असण्याचा संभव असतो. तो कापू नये, ठोकू नये, चुलीजवळ नेऊ नये. जेथे असेल तेथे ठेवून पोलिसांना कळवावे. आणि शिशाची गोळी मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. शिसे विषारी आहे, ती हाताळल्यावर हात धुवावेत.

बाकी जे तुकडे येतात ते बहुतेक वेळा रणभूमीचे नसून घरादाराचे असतात. बैलाच्या खुराला मारायची पत्री, घोड्याच्या नालाचा अर्धा भाग, चुन्याच्या डबीचे झाकण, अडकित्त्याचे पाते, घुंगराची पितळी वाटी, नथीचा तांब्याचा गाभा. यांचा कोणी हिरमोड करून घेऊ नये. तोफा ओढता ओढता मेलेल्या बैलांच्या पत्र्याही त्याच मातीत आहेत आणि त्या कालपरवाच्या शेतकऱ्याच्या बैलाच्या पत्रीहून फार वेगळ्या दिसत नाहीत.

भोकरदनच्या बाजूस मात्र आणखी एक घोटाळा संभवतो आणि तो गोड आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील लेखांत कोरलेली आहेत. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. आता सातवाहनांची बरीच नाणी शिशाची होती. म्हणजे केळण्याच्या काठी सापडलेला शिशाचा चपटा, पांढरट, वेडावाकडा तुकडा हा दोनशे वर्षांपूर्वीची आदळलेली गोळीही असू शकतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणेही! फरक कसा करावा? नाण्याला दोन्ही बाजू असतात. उन्हात तिरपे धरले असता एका बाजूस हत्ती किंवा अन्य प्राणी आणि दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे क्रॉसच्या टोकांवर जोडलेले, ज्याला नाणेतज्ज्ञ उज्जैन चिन्ह म्हणतात ते, अंधूक दिसू शकते. हे चिन्ह पाहून आमच्या एखाद्या श्रद्धावंताचा हात आपोआप कपाळाकडे जातो. त्यास नम्रपणे सांगावे लागते की हा आपला क्रूस नव्हे.

त्याच उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे संत पेत्र आणि संत पौल यांनी रोममध्ये रक्त सांडले त्या पिढीतच, आमच्या या दख्खनी कारागिरीच्या घराण्यातली एक मूर्ती रोमपासून काही दिवसांच्या वाटेवरील एका घरात उभी होती. आपल्या तालुक्याचा जगाशी संबंध रेल्वेने जोडला, असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता ज्या वस्तूंसाठी लोक विशेषेकरून धर्मगुरूकडे येतात, त्या क्रूस आणि पदकांविषयी. येथे श्रद्धा पुढे धावते आणि ओळख मागे राहते. आडवा-उभा असा कोणताही धातूचा तुकडा क्रूस ठरत नाही. कट्यारीच्या मुठीचा, खोगिराच्या बकलाचा किंवा कुलपाच्या कडीचा तुटलेला भाग अगदी तसाच दिसतो. पदकांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. पवित्र मरियेचे लंबगोल पदक सापडते, त्यावर १८३० हा आकडा स्पष्ट असतो आणि ते १८३० साली घडवले असे घरचे सारे मानतात. वास्तविक १८३० हे पॅरिस येथे संत कॅथरीन लाबुरे यांना झालेल्या दर्शनाचे साल आहे. पहिली पदके पडली ती १८३२ मध्ये आणि त्यानंतर आजतागायत कोट्यवधी पदकांवर तोच आकडा छापला जात आहे. तेव्हा असे पदक १८०३ च्या रणातील शिपायाच्या गळ्यातले असणे शक्य नाही. एखाद्या आजीच्या गळ्यातून विहिरीवर पडलेले असणे पूर्णपणे शक्य आहे. तसेच, क्रूसाभोवती सुटी लॅटिन अक्षरे असलेले जे पदक ‘गुप्त लिपीचे’ म्हणून दाखवले जाते, ते संत बेनेडिक्ट यांचे. ती अक्षरे सैतानाला दूर सारणाऱ्या प्रार्थनेची आद्याक्षरे आहेत आणि आज आढळणारा सर्वसामान्य नमुना १८८० सालचा आहे. गुप्तधनाची खूण म्हणून त्याकडे पाहणाऱ्याने पदकाचा अर्थ नेमका उलटा लावलेला असतो.

असे असले तरी असईच्या रणात कॅथलिकांचा काहीच संबंध नव्हता असे नव्हे. शिंद्यांच्या बाजूने आलेल्या कवायती पलटणींत सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. बेगम समरूने १७८१ साली आग्रा येथे बाप्तिस्मा घेऊन जोआना हे नाव धारण केले होते आणि आपल्या जहागिरीत तिने पुढे जे भव्य मंदिर बांधले, त्यास १९६१ साली संत तेविसावे योहान यांनी लघु बॅसिलिकेचा मान दिला. स्वतः बेगम असईस नव्हती. तिच्या पलटणी कर्नल सालूरच्या हाताखाली बहुतांशी सामानसुमानाच्या रक्षणास मागे ठेवल्या होत्या आणि पराभव झाल्यावर त्या शिस्तीने माघारी गेल्या. त्यांतील शिपाई बहुतेक हिंदू-मुसलमान, अधिकारी थोडे युरोपीय. कंपनीच्या पलटणींतही त्या काळी आयरिश कॅथलिक असत. तेव्हा एखादा खराखुरा जुना क्रूस तेथे मिळणे अशक्य नाही. पण तो त्या दिवसाचा आहे असे म्हणायला नुसती इच्छा पुरणार नाही.

इच्छेचाच विषय निघाला म्हणून पुढचे लिहितो. खेड्यापाड्यांत धातूचा जुना तुकडा सापडला की त्याच्या मागोमाग माणसे येतात. कोणी धातुशोधक यंत्र भाड्याने आणतो आणि वाट्यावर शेत खणू पाहतो. कोणी कंपनी सरकारचे म्हणून एका बाजूस राम-सीता-हनुमान आणि दुसऱ्या बाजूस १६१६ किंवा १८१८ साल असलेले नाणे लाखांना विकतो. ईस्ट इंडिया कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. कोणी तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे दाखवून, परदेशी संस्था त्याचे कोट्यवधी देणार असे सांगून, तपासणीच्या नावाखाली पैसे काढतो. तांदळात लोखंडाचा कीस आणि भांड्यात चुंबक एवढीच ती किमया असते. आणि गुप्तधनासाठी अघोरी विधी करणाऱ्यांनी या राज्यात जीव घेतलेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत ते येतात. यांत फसणारे अडाणीच असतात असे नाही. शिकलेली, चर्चला नियमित येणारी, कर्जाने गांजलेली कुटुंबेही असतात.

सरळ मार्ग कायद्याने आखून दिलेला आहे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास शिक्षा आहे. दहा रुपयांची ती मर्यादा राणी व्हिक्टोरियाच्या काळातली आहे, हे लक्षात घ्यावे. मालक न सापडल्यास आणि दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, उरलेले जमीनमालकाचे. सरकारने वस्तू घेतल्यास धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश अधिक मिळतो. शिवाय संरक्षित स्थळी परवान्यावाचून खणता येत नाही आणि १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवताही येत नाही. शुभवर्तमानातील तो मनुष्य, ज्याने शेतातली ठेव पाहून पुन्हा झाकली आणि आनंदाने सर्वस्व विकून शेत विकत घेतले, तो आज आमच्या जिल्ह्यात असता तर दृष्टान्त पुढे जाण्याआधी त्याला कलेक्टर कचेरीत अर्ज करावा लागला असता.

लोभापेक्षाही मोठा नाश मात्र निष्काळजीपणाने होतो, आणि तो आमच्या जालन्यात विशेष. जालना हे पोलादाचे गाव. येथील भट्ट्यांतून भंगार वितळून सळया निघतात आणि भंगारवाल्याच्या हातगाडीला बिडाचा गोळा आणि मोडका पाना सारखेच. किलोच्या भावाने गेलेला सहा पौंडी गोळा दोन दिवसांत एखाद्या स्लॅबमधील सळईत जमा होतो. इंग्रजांनी तोफा नेल्या, त्याचे दुःख आपण पुस्तकांत वाचतो. गोळे आपणच नेऊन घालतो.

म्हणून आमच्याकडे कोणी तुकडा आणला की आम्ही आधी कागद पुढे करतो. गट नंबर, विहीर किंवा बांधापासून किती पावले, किती खोल, कोणत्या तारखेला, आणखी काय सोबत होते, एवढे लिहून घेतो. वस्तू चिंचेने, लिंबाने किंवा राखेने घासू नका, असे बजावतो; घासल्याने पितळ उजळते पण नाण्यावरील हत्ती जातो. नुसती माती मऊ कुंचल्याने झाडावी, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि वस्तू कोरड्या कागदात गुंडाळावी. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, राज्याचे पुरातत्त्व खाते आहे. तेथे नेताना हा कागद वस्तूइतकाच मोलाचा असतो.

कधी कधी एवढे करूनही ओळख पटत नाही. शिशाची एक चकती असते, मध्ये भोक, वजन तोळाभर, दोन्ही बाजू सपाट. मासेमारीच्या जाळ्याचे वजन म्हणावे, तर केळण्याला पाणी किती दिवस असते? चातीचे वजन म्हणावे, तर शिशाची चाती कोण करील? गोळी ठोकून कोणी पुढे कशासाठी तरी वापरली, असेही असेल. अशा वस्तूच्या कागदावर गट नंबर लिहावा, खोली लिहावी आणि नावाची जागा कोरी ठेवावी.